अंगणातली देशी बाग: फरशी उखडण्यापासून फुलपाखरं येईपर्यंत

इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या घराचं चित्र पाहिलं की घराआधी त्याच्या दारापुढची बाग लक्षात राहते. फाटकापासून दारापर्यंत अरुंद पायवाट, दोन्ही बाजूंना एकमेकांत घुसलेली फुलझाडं, त्यातच कुठे कोबी, कुठे औषधी पाला, भिंतीवर चढलेला वेल. या प्रकाराला 'कॉटेज गार्डन' म्हणतात. मुळात ती हौसेची बाग नव्हतीच. थोडक्या जागेत भाजी, औषध आणि फुलं असं सगळं बसवायचं, म्हणून दाटीवाटी. पुढे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम रॉबिन्सन (त्यांचं 'द वाइल्ड गार्डन' १८७० साली आलं) आणि गर्ट्रूड जेकिल यांनी श्रीमंतांच्या आखीव-रेखीव वाफ्यांना पर्याय म्हणून ही मोकळी पद्धत उचलून धरली आणि ती जगभर गेली.

आता हीच बाग आपल्याकडे बंगल्यापुढे, रो-हाउसपुढे करावी असं अनेकांना वाटतं. बाजारात तशी बियांची पाकिटंही मिळतात. पाकिटात असतात कॉसमॉस, झिनिया, झेंडू. तिघांचंही मूळ मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. म्हणजे इंग्रजी खेड्याचं चित्र, मेक्सिकोची फुलं आणि माती आपली! याऐवजी आपल्याच डोंगरांवरच्या आणि माळांवरच्या झाडांनी अशी बाग करता येते का? येते. पण त्यासाठी आधी एक वेगळीच अडचण सोडवावी लागते.

अंगण आणि परस

मराठी घराला दोन बाजू असतात. पुढे अंगण, मागे परस. अंगण झाडून लख्ख ठेवायचं, सडा घालायचा, रांगोळी काढायची, धान्य वाळवायचं, उन्हाळ्यात तिथेच झोपायचं. कोकणात त्यावर मांडव पडतो. झाड म्हणाल तर तुळशीवृंदावन आणि फार तर कडेला प्राजक्त. अळू, केळ, कढीपत्ता, गवती चहा, अबोली, लिंबू असा गोतावळा असतो तो मागे, मोरीच्या सांडपाण्यावर. इंग्रजांची कॉटेज गार्डन म्हणजे खरं तर आपली परसबागच आहे. फक्त ती दारापुढे आलेली आहे.

अंगण उघडं ठेवण्यामागे शहाणपण होतं. साप-विंचू दिसावा, पावसात चिखल होऊ नये, चार माणसं बसावीत. त्यामुळे पुढच्या दारी दाट बाग करायची तर अंगणाचा हा गुण मारून चालत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा "दारात रान कशाला माजवता?" हा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नाही. त्याचं उत्तर आराखड्यातच द्यावं लागतं. ते कसं, ते पुढे येईलच.

मात्र आजचं शहरी अंगण हे जुनं अंगणही राहिलेलं नाही. शेणामातीच्या जागी कोबा, शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक आले. साधा हिशोब करून पाहा. २० फूट बाय १५ फूट अंगण म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरलं तर एवढ्याशा जागेवर वर्षभरात साडेएकोणीस हजार लिटर पाणी पडतं. फरशी असेल तर त्यातलं बहुतेक सगळं गटारात जातं. माती असेल तर बराच भाग जिरतो. उन्हाळ्यात ती फरशी दुपारभर तापून रात्री घरात उष्णता सोडते, ते वेगळंच.

देशी म्हणजे नेमकं काय?

इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो. आपल्या देवपूजेत, गजऱ्यात, गाण्यांत रुळलेली कितीतरी झाडं परदेशी आहेत. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची. देवळापुढचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, निशिगंध मेक्सिकोचा, रातराणी वेस्ट इंडीजकडची. पेरू, पपई, सीताफळ हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. शेवंती चीनची.

देशी कोण? तुळस, तगर, मोगरा, जुई, अबोली, काटेकोरांटी, प्राजक्त, बकुळ, सोनचाफा, अडुळसा, निर्गुडी, कढीपत्ता, बहावा. म्हणजे यादी काही गरीब नाही. त्यातही 'भारतातलं' आणि 'आपल्या भागातलं' यात फरक करायला हवा. देवदार भारतीय आहे, पण सोलापूरच्या अंगणात तो परदेशीच. आपल्या बागेसाठी 'देशी'चा उपयोगी अर्थ असा: आपल्या गावाच्या पावसात आणि उन्हाळ्यात, माणसाने पाणी न घालता, शेकडो वर्षं जे उगवत आलं आहे ते.

एवढा काटेकोरपणा का? फुलातला मध तर परदेशी झाडावरही मिळतो, आणि झेंडूवर फुलपाखरं बसतातच. बसतात, पण ती तिथे जेवायला येतात, संसार थाटायला नाही. फुलपाखराची मादी अंडी घालते ती ठराविक झाडावर, कारण तिच्या अळीला तेवढाच पाला पचतो. कढीपत्त्यावर 'कॉमन मॉरमॉन' अंडी घालतं. लिंबाच्या झाडावर 'लाइम' आणि महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू 'ब्लू मॉरमॉन'. (राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, २०१५ साली.) रुईवर 'प्लेन टायगर', बहाव्यावर 'एमिग्रंट', सापसंदाच्या वेलावर 'क्रिमझन रोझ'. ही झाडं नसतील तर पुढची पिढी नाही.

आणि अळ्या नसतील तर पक्षी नाहीत. दाणे खाणारे कितीतरी पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरात घरांच्या बागांत यावर अभ्यास झाला. कॅरोलिना चिकडी हा कीटक खाणारा छोटा पक्षी बागेत टिकून राहतो का, हे पाहिलं गेलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की बागेतल्या झाडोऱ्यात देशी झाडांचं प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्या पक्ष्याची संख्या स्वतःच्या बळावर टिकत नाही. हा आकडा आपल्या शिंपी पक्ष्याला किंवा चिमणीला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण एक दिलासा त्यातून घेता येतो: शंभर टक्के सोवळेपणाची गरज नाही. दसऱ्याला झेंडू लागतो, तो लावा. पानफुटी मादागास्करची असली तरी 'रेड पिअरो' हे फुलपाखरू तिच्यावर आनंदाने वाढतं. आजीने लावलेला गुलाब उपटण्याचं तर काही कारणच नाही.

एका बाबतीत मात्र सोवळं पाळावं. काही परदेशी झाडं कुंपणाबाहेर पळतात. घाणेरी १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणूनच भारतात आणली गेली, आणि आज ती जंगलांत काय करून बसली आहे ते सगळे पाहतात. पिवळा-केशरी कॉसमॉस तसाच पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला पसरला आहे. पावसाळ्यानंतर फुललेला तो पाहून लोक त्याला रानफूल समजतात आणि फोटो काढतात. जमीन झाकायला रोपवाटिकांत सर्रास मिळणारी वेडेलियाही याच माळेतली. ही तीन तरी अंगणात आणू नयेत.

फरशी काढल्यावर खाली काय असतं

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करावं. फरशी काढायची, जमीन तयार करायची आणि जूनचे पहिले दोन चांगले पाऊस झाले की लावायचं. नर्सरीवाले वर्षभर रोपं विकतात, पण मे महिन्यात लावलेलं देशी रोप जगवण्यासाठी जेवढं पाणी जातं, त्यात जूनमधली दहा रोपं जगतात.

फरशीखाली छान काळी माती असेल या भ्रमात राहू नका. शहरात बहुधा मुरूम, चुरी आणि बांधकामाचा राडारोडा निघतो. पहारीने दीड फूट खोलपर्यंत मोकळं करून सिमेंटचे तुकडे, प्लास्टिक, सळ्या वेचून काढाव्यात. मुरूम मात्र सगळा फेकू नका. आपली माळरानावरची झाडं मुरमाडातच वाढतात आणि पाण्याचा निचरा त्यानेच होतो. त्यात तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत मिसळलं की पुरे. विकत मिळणारी 'लाल माती' म्हणजे कुठल्या तरी डोंगराची खरवडलेली पाठ असते. ती जितकी कमी लागेल तितकं बरं. रासायनिक खत तर नकोच. जास्त खाऊ घातलेली रानफुलं नुसती पानांनी माजतात आणि पावसात लोळतात.

निचरा तपासायला एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरावा. रात्रभरात पाणी जिरलं तर ठीक. सकाळीही तसंच दिसलं तर तिथे गादीवाफा करून माती अर्धा फूट उंच करावी. मराठवाड्यात आणि विदर्भात काळ्या मातीत हा प्रश्न हमखास येतो. कोकणात जांभ्यावर पाणी झिरपतं खरं, पण तीन-तीन हजार मिलिमीटर पावसात माती वाहून जाते, म्हणून तिथे वाफ्याला दगडांची कड हवी.

ऊन कुठून किती वेळ येतं, हेही आठ-दहा दिवस नीट पाहून ठेवावं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या अंगणाला एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरचं ऊन भाजून काढतं. तिथे एक तरी लहान झाड असल्याशिवाय खालची झुडपं टिकणं कठीण.

आराखडा: दार मोकळं, कडा दाट

आता वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर. दारासमोरची पाच-सहा फूट जागा मोकळीच ठेवा. तिथे तुळस, सडा, रांगोळी, चपला, सगळं पूर्वीसारखं. फाटकापासून तिथवर येणारी वाट किमान तीन-चार फूट रुंद हवी. इंग्रजी बागेत झाडं वाटेवर ओणवी झालेली छान दिसतात, पण आपल्याकडे रात्री त्या वाटेने चालायचं असतं. काढलेल्या शहाबादी फरशीचे तुकडे सांधे न भरता, मध्ये माती ठेवून वाटेवर बसवले की पाणी जिरतं आणि फरशीही वाया जात नाही.

दाटी करायची ती कुंपणाच्या तिन्ही बाजूंना, चार-पाच फुटांच्या पट्ट्यात. मागे उंच, पुढे बुटकं हा साधा नियम. वरच्या २० बाय १५ च्या अंगणात एक लहान झाड, चार-पाच मोठी झुडपं, दोन वेल आणि पुढे हंगामी फुलांची व गवतांची जागा, एवढं आरामात बसतं. पहिल्या वर्षी ते विरळ आणि केविलवाणं दिसेल. तरी घाई करून मधल्या फटींत रोपं कोंबू नयेत. अडुळसा दोन वर्षांत माणसाएवढा होतो.

कोणती झाडं?

झाड एकच लावायचं असेल तर प्राजक्त. लहान जागेत मावतो, छाटणी सोसतो, श्रावणापासून दिवाळीपर्यंत फुलतो, आणि सकाळी दारात पडलेला सडा फुकट मिळतो. दुसरा पर्याय पांढरा कुडा. उन्हाळ्याच्या शेवटी पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरतो आणि पाणी जवळजवळ मागत नाही. रोपवाटिकेत मात्र तो सहज सापडत नाही. बहावा सुंदर, पण त्याला वर आणि बाजूला मोकळी जागा हवी. लहान अंगणात तो शेजाऱ्याच्या गच्चीत जातो. आपटा लावायचा असेल तर नीट ओळखून घ्या. दसऱ्याला आपटा म्हणून अनेकदा कांचनाची पानं विकली जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि रुंदीला जास्त. वड, पिंपळ, उंबर कितीही देशी असले तरी भिंतीजवळ नकोत. त्यांची मुळं पायाला धरतात.

झुडपांत पहिला मान कढीपत्त्याचा. स्वयंपाकाला उपयोगी आणि फुलपाखरांचं पाळणाघर. सुरुवातीच्या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. त्या दिसल्या की कीटकनाशक मारायचं नाही, हीच या बागेची पहिली परीक्षा. अर्धी पानं कुरतडलेली असणं हे इथे बाग चालू असल्याचं लक्षण आहे. फार वाटलं तर घरच्यासाठी एक आणि अळ्यांसाठी एक अशी दोन झाडं लावावीत. शेजारी लिंबू.

काटेकोरांटीला वज्रदंती असंही म्हणतात. पावसाळा सरला की पिवळ्या फुलांनी बहरते, तिच्या पानांवर 'लेमन पॅन्झी'च्या अळ्या वाढतात, आणि काट्यांमुळे कुंपणाशी लावली तर कुत्री-मांजरं आत येत नाहीत. अबोली सावलीतही फुलते, म्हणून ती झाडाखाली. अडुळसा आणि निर्गुडी कुंपणाला. दोन्ही छाटून हव्या त्या उंचीवर ठेवता येतात. अडुळशाला शेळ्याही तोंड लावत नाहीत, हा गावाकडे मोठाच फायदा.

धायटी हे माझ्या मते आपल्या बागांनी सर्वात जास्त दुर्लक्षिलेलं झुडूप आहे. सह्याद्रीच्या उतारांवर ती जिकडेतिकडे असते. आसव-अरिष्टं करणाऱ्या वैद्यांना तिची फुलं ठाऊक आहेत, कारण आंबवण्याच्या क्रियेत ती वापरतात. पण अंगणात ती कुणी लावत नाही. थंडीच्या अखेरीस, बाकी सगळी बाग सुकत आलेली असताना, तिच्या कमानदार फांद्या लालकेशरी नळीदार फुलांनी भरतात आणि शिंजीर दिवसभर त्यावर लटकलेले असतात. मुरमाड उतार आणि भरपूर ऊन, एवढंच तिला लागतं.

कमी पावसाच्या भागात, म्हणजे अहिल्यानगर, सोलापूर, बीड या पट्ट्यात, तरवडाला पर्याय नाही. माळावर बिनपाण्याचं पिवळंधमक फुलणारं हे झुडूप बागेत आणलं तर शोभेच्या कुठल्याही झाडाला हार जात नाही. तिथल्याच कुंपणासाठी वाघाटी. हिची फळं आषाढी द्वादशीला खायची पद्धत अनेक घरांत आहे. काटे मात्र वाकडे आणि जबरदस्त, त्यामुळे वाटेपासून लांब. 'ग्रेट ऑरेंज टिप' हे मोठं पांढरं-केशरी फुलपाखरू हिच्यावर वाढतं. कोकणात आणि घाटमाथ्याला पेव लावावं. जिन्यासारखी गोल फिरत चढणारी पानं, पावसाळ्यात पांढरी झिरझिरीत फुलं, आणि दिवाळीनंतर सगळं जमिनीत गुडूप.

वेलांमध्ये जुई घराजवळ, जिथे संध्याकाळी बसायचं तिथे. शतावरी कुंपणावर. बारीक पांढऱ्या फुलांना सुंदर वास असतो आणि मधमाश्या तुटून पडतात. सापसंद हा फुलपाखरांसाठीचा खास वेल आहे, पण विषारी आहे. औषध म्हणून कुणी सांगितलं तरी पोटात घेऊ नये, मूत्रपिंडं निकामी होतात.

खुळखुळ्याची गंमत वेगळीच. पिवळ्या फुलांवर मोठे काळे भुंगे येतात, शेंगा वाळल्या की वाऱ्यावर वाजतात, आणि वाळत चाललेल्या झाडावर टायगर गटातल्या फुलपाखरांचे नर गर्दी करतात. झाडातली काही रसायनं ते शोषून घेतात आणि त्यातून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. म्हणून सुकलेला खुळखुळा लगेच उपटू नये.

पावसाळ्याची फुलं आणि पत्रीची यादी

कॉटेज गार्डनचा जीव कशात असेल तर आपोआप बी पडून दरवर्षी नव्या जागी उगवणाऱ्या फुलांत. आपल्याकडे हे काम तेरडा करतो. त्याच्या पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की बिया उडतात. एकदा लावला की पुढच्या जूनमध्ये त्याचा तो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात, पण झाडोरा दाट असेल तर गौरी-गणपतीपर्यंत रंग हटत नाही. कोकणात तर गौर म्हणून तेरड्याचीच रोपं पुजली जातात. त्याच्या सोबतीला सोनकी, कळलावी, पांढरी मुसळी. (मुसळीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात 'बोरिविलियानम' आहे, मुंबईच्या बोरिवलीवरून.) जमिनीलगत विष्णुक्रांता आणि घोळ. घोळ ही भाजीही आहे आणि 'डॅनेड एगफ्लाय'च्या अळ्यांचं खाद्यही.

कोणती झाडं लावावीत याची यादी शोधत असाल, तर ती घरातच सापडेल. गणपतीच्या पूजेतली पत्री पाहा. प्रांताप्रमाणे थोडा फरक पडतो, पण दुर्वा, आघाडा, बेल, शमी, रुई, डोरली, विष्णुक्रांता, तुळस, अर्जुन ही नावं बहुतेक याद्यांत असतात. भाद्रपदात आपल्या आसपास आपोआप जे उगवलेलं असतं, त्याचीच ती बरीचशी मोजदाद आहे. आज ती पत्री बाजारातून जुडीने विकत आणावी लागते, आणि तीत भलताच पालाही असतो. अंगणात दहा-बारा पत्री आपल्या आपण असणं हे या बागेचं एक छान उद्दिष्ट होऊ शकतं.

ही रोपं आणायची कुठून? प्राजक्त, अडुळसा, बहावा, बेल सामाजिक वनीकरण आणि वनखात्याच्या रोपवाटिकांत स्वस्तात मिळतात. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनसारख्या जुन्या बागांच्या रोपवाटिकांतही विचारावं. रानफुलांचं बी मात्र बहुधा स्वतःच गोळा करावं लागतं. रस्त्याच्या कडेच्या, प्लॉटवरच्या, लवकरच बांधकामाखाली जाणाऱ्या जागांवरचं चार-दोन बोंडं बी घ्यायला हरकत नाही. गडावरून, अभयारण्यातून किंवा कासच्या पठारावरून काहीही उचलायचं नाही. रोप नाही, कंद नाही, बीसुद्धा नाही. कास पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे (युनेस्कोची नोंद २०१२ची), आणि तिथली कितीतरी फुलं कातळावरच्या दोन बोटं मातीत, सततच्या धुक्यात वाढतात. ती अंगणात जगतही नाहीत. ओळख पटवण्यासाठी श्रीकांत इंगळहळीकर यांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हाताशी ठेवावं.

उन्हाळ्यातली बाग

या बागेवर सगळ्यात मोठा कसोटीचा काळ म्हणजे मार्च ते मे. तेरडा केव्हाच गेलेला, कळलावी कंदात झोपलेली, गवत पिवळं पडलेलं. इंग्रजी बाग हिवाळ्यात झोपते, आपली उन्हाळ्यात. इथेच बहुतेक लोक कच खातात आणि हिरवळीचे गालिचे आणून टाकतात. तसं करण्याऐवजी सुकलेलं तसंच कापून जमिनीवर पसरावं. तीन-चार इंचांचं आच्छादन असेल तर ओल टिकते आणि बी सुरक्षित राहतं. पानं जाळू नयेत.

पाणी पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा, आळ्यात भरपूर. रोज झारीने शिंपडलं तर मुळं वरच्या वर राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. तिसऱ्या वर्षापासून धायटी, तरवड, निर्गुडी, कुडा यांना नाही दिलं तरी चालतं. कढीपत्ता, लिंबू आणि जुई मात्र पाणी मागतच राहतील. त्यांना भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी द्यावं. म्हणून ही तिघं स्वयंपाकघराच्या बाजूला असावीत.

पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवावं, पण ते रोज धुवून भरायचं. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात. कुंड्यांखालच्या बशा मात्र काढूनच टाकाव्यात.

साप, विष आणि शेजारी

साप झाडांसाठी येत नाही. तो येतो उंदीर-बेडकांसाठी, आणि राहतो तो फटीत. त्यामुळे विटांचा ढीग, फुटक्या कुंड्या, लाकडं, भिंतीतली भोकं हे सगळं आधी हलवावं. उरलेलं अन्न उघड्यावर टाकू नये. दाराजवळच्या आणि वाटेकडेच्या झुडपांच्या खालच्या एक फुटातल्या फांद्या छाटल्या की बुंध्यापाशी नजर पोचते. वाटेवर दिवा हवा आणि रात्री पायात चप्पल. घरात कुणी जमिनीवर झोपत असेल तर दाराखालची फट बंद करावी, कारण मण्यार रात्री आत येते. तरीही दंश झालाच तर मंत्र, चीर, आवळपट्टी यात वेळ न घालवता थेट प्रतिविष उपलब्ध असलेलं रुग्णालय गाठायचं.

लहान मुलं असतील तर यादीतून काही नावं वगळावी लागतात. कळलावीचा कंद, कण्हेर, बिट्टी आणि गुंजेच्या बिया हे सगळं जीवघेणं आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत ही न लावणंच बरं. रुई तर गावाबाहेर कुठेही आहे.

राहिले शेजारी. त्यांना ही बाग वर्षातले आठ महिने गवत माजल्यासारखी दिसते. यावर एक युक्ती चालते: कडा नीटनेटकी ठेवायची. वाटेची रेष स्पष्ट, वाफ्याला दगडांची ओळ, फाटकाजवळचं झुडूप छाटलेलं. आत कितीही दाटी असली तरी कड आखीव असेल तर पाहणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम केलेलं आहे. झाडांच्या नावाच्या छोट्या पाट्या लावल्या तर आणखी सोपं जातं. लोक थांबून वाचतात, मग "हाच का तो अडुळसा?" असं विचारतात, आणि पुढच्या पावसाळ्यात फांदी मागायला येतात. अडुळसा आणि निर्गुडी फांदीवरून लागतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी जूनअखेर तिरकी खोचायची. कढीपत्त्याला बुंध्याभोवती मुळांतून फूट येते, ती पावसात मुळासकट काढून देता येते. प्राजक्ताचं बी बुंध्याखालीच पडलेलं असतं.